व्हिडिओला कार्टूनचं रूप: रंग वेगळे, रेघा वेगळ्या आणि सेकंदाला बारा चित्रं

गेल्या गणपतीत आईचा मोदक करतानाचा व्हिडिओ काढला होता. जेमतेम पस्तीस सेकंदांचा. हातावरची उकडीची पारी, चिमटीत एकेक पडत जाणाऱ्या कळ्या, आणि शेवटी सगळ्या कळ्या वर गोळा करून काढलेलं टोक. भाचीला हे गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रासारखं दाखवावं म्हणून त्याचं कार्टून करायला घेतलं. इफेक्ट टाकला आणि मोदकावरच्या कळ्याच नाहीशा झाल्या. पांढऱ्या ताटलीत पांढरा गोळा उरला. आईच्या गालांवर आणि कपाळावर मात्र काळ्या भेगा उमटल्या. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, माझ्या तोंडावर एवढ्या रेघा कुठून आल्या?"

इफेक्टने त्याचं काम चोख केलं होतं. जे फिकट होतं ते पुसलं, जे गडद होतं ते रेखलं. काय पुसायचं आणि काय राखायचं, हे सांगायचं काम माझं होतं आणि ते मी केलंच नव्हतं. पुढच्या संकष्टीला तोच प्रसंग नव्याने शूट केला आणि सगळं पहिल्यापासून बसवलं. त्यात जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो. मुख्य काम आफ्टर इफेक्ट्स या अडोबीच्या, पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं आहे. ज्यांना पैसे न भरता करायचं आहे त्यांच्यासाठी पुढे दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरची वाट आहे.

इफेक्टच्या पोटात काय चालतं

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, कार्टून इफेक्ट तीन कामं करतो. बारीकसारीक तपशील पुसून रंगाचे सपाट तुकडे तयार करतो. उजेड-सावलीच्या शेकडो छटांचे मोजके टप्पे करतो. आणि जिथे उजेड एकदम बदलतो तिथे गडद रेघ ओढतो.

यातलं पहिलं काम सगळ्यांत अवघड. साधा ब्लर दिला तर तपशिलाबरोबर कडाही विरघळतात. त्यावरचा एक प्रसिद्ध तोडगा म्हणजे बायलॅटरल फिल्टर. शेजारचा पिक्सेल जवळ आहे एवढ्यावर तो त्याला आपल्यात मिसळून घेत नाही, रंगानेही जवळचा असेल तरच घेतो. म्हणून गालाचा रंग गालातल्या गालात सपाट होतो, पण साडीच्या काठात उतरत नाही. कार्लो तोमासी आणि रोबेर्तो मांदुकी यांचा या फिल्टरवरचा निबंध १९९८ सालचा, आणि ज्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो आला ती भरली होती आपल्या मुंबईत. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. पुढे २००६ मध्ये होल्गर विनेमोलर, स्वेन ओल्सन आणि ब्रूस गूच यांनी फिल्टर, टप्पे आणि रेघा यांची साखळी जोडून चालू व्हिडिओचं तिथल्या तिथे चित्र करून दाखवलं.

त्याच्या कितीतरी आधी हे काम हाताने होत असे. मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. चित्रित केलेली फिल्म एकेक फ्रेम करून काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची, अशी ती पद्धत. गिरवणारा माणूस कुठली सुरकुती घ्यायची आणि कुठली सोडायची हे प्रत्येक फ्रेमला ठरवत असे. सॉफ्टवेअरला ते ठरवता येत नाही, म्हणून ते आपल्याला करावं लागतं. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

शूटिंग: निम्मं कार्टून इथेच होतं

पहिल्या खेपेला आई पांढऱ्या भिंतीसमोर, बारीक बुट्ट्यांची साडी नेसून, वरच्या ट्यूबलाइटखाली बसली होती. कार्टूनसाठी यातली एकही गोष्ट सोयीची नव्हती.

बारीक बुट्टे, चौकडी आणि जाळी आधी टाळा. इफेक्टला प्रत्येक बुट्ट्याभोवती रेघ ओढायची असते. कपडा जरा हलला की कुठली रेघ पडते, कुठली नाही. सगळी साडी मुंग्या फिरल्यासारखी वळवळते. दुसऱ्या वेळी आईने एकरंगी जांभळी सुती साडी नेसली, हिरव्या काठाची. रुंद सपाट काठ फार छान उतरतो.

पुढचा मुद्दा विरोधी रंगाचा. पांढऱ्या पारीच्या मागे पांढरी ताटली ठेवली तर कडेला रेघ पडणार कशी? ताटलीवर केळीचं पान अंथरलं आणि मोदक जागच्या जागी उठून दिसायला लागला. तुमचा विषय वेगळा असेल, पण कसोटी तीच: डोळे अर्धवट मिटून बघा. विषय आणि मागचा भाग एकमेकांत मिसळले तर इफेक्टलाही ते वेगळे करता येणार नाहीत.

उजेड एका बाजूने हवा. वरून पडणाऱ्या ट्यूबच्या उजेडात मोदकाच्या कळ्यांना सावलीच पडत नाही. डाव्या हाताच्या खिडकीशेजारी बसवलं, स्वयंपाकघरातले दिवे बंद केले, तेव्हा प्रत्येक कळीची एक बाजू उजळ आणि एक बाजू सावलीत गेली. ती सावली म्हणजेच पुढे मिळणारी रेघ.

दिवे लावावेच लागले तर शटरकडे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्याकडे, लक्ष द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. मी १/१०० घेतो, कारण त्यात हलणारे हातही कमी फिसकटतात. हाताने काढलेल्या चित्रात बोटं धूसर नसतात, त्यामुळे कार्टूनमध्ये ती धूसर रेघ लगेच खटकते.

फोनमध्ये एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. हाताला काम चालू असताना फोन मध्येच उजेड वाढवतो आणि सगळ्या रंगांचे टप्पे एकदम सरकतात. फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये हे जमत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर आहे. फ्रेम रेट शक्यतो २५ ठेवा. कारण पुढे येईल.

आणि ट्रायपॉड लागतोच. डबे रचून फोन टेकवला तरी चालेल, पण हलता कामा नये. शूट संपलं की विषयाला उठवा आणि काहीही न हलवता रिकाम्या जागेचे पाचेक सेकंद घ्या. सूर्य सरकण्याआधी, लगेच. या पाच सेकंदांनी माझं सगळ्यांत जास्त काम वाचवलं.

फाइल स्वच्छ करणं

फोनचा व्हिडिओ अनेकदा बदलत्या फ्रेम रेटचा असतो: कुठे सेकंदाला २९ फ्रेम, कुठे ३०. एडिटिंगमध्ये मग आवाज हळूहळू मागेपुढे होतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, गुणवत्ता वरच्या पातळीला ठेवा आणि नवी फाइल काढून घ्या.

आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्टची रंगांची खोली, म्हणजे किती छटा साठवायच्या ते माप, १६ बिटवर न्या. प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी '८ बीपीसी' लिहिलेलं असतं, ऑल्ट दाबून त्यावर क्लिक केलं की बदलतं. सावलीत पट्टे पडायचं प्रमाण त्याने कमी होतं.

मग क्लिपची कॉम्पोझिशन (थर रचायची चौकट) करून क्लिपवर या क्रमाने तीन इफेक्ट टाका. 'मीडियन', त्रिज्या १ किंवा २. याने दाणे, म्हणजे चित्रात वळवळणारे बारीक ठिपके, जातात. त्याखाली 'लेव्हल्स', कॉन्ट्रास्ट थोडा ताणण्यासाठी. त्याखाली 'ह्यू/सॅच्युरेशन', रंग पंधरा-वीसने चढवण्यासाठी. क्रम महत्त्वाचा आहे. दाणे काढण्याआधी कॉन्ट्रास्ट वाढवला तर दाणेही वाढतात, आणि कार्टूनमधला लुकलुकाट मुख्यतः दाण्यांमुळेच होतो. असं बघा: आईच्या कोपराचा एक पिक्सेल बरोबर दोन टप्प्यांच्या सीमेवर आहे. दाण्यामुळे एका फ्रेमला तो किंचित उजळ झाला की वरच्या टप्प्यात गेला, पुढच्या फ्रेमला किंचित मंद झाला की खालच्या. मूळ व्हिडिओत जो फरक कोणाला दिसला नसता तो टप्प्यांमुळे ठसठशीत दिसतो. म्हणून या स्वच्छतेत घालवलेली पंधरा मिनिटं पुढे तासाच्या भावाने परत मिळतात.

या कॉम्पोझिशनला 'मूळ' नाव द्या आणि पुढे तिलाच वापरा.

रंगाचा थर

नवीन कॉम्पोझिशनमध्ये 'मूळ' दोनदा आणा. खालच्याचं नाव 'रंग', वरच्याचं 'रेघ'. बहुतेक जण एकाच थरावर रंग आणि रेघ दोन्ही काढतात. ते चालतं, पण मग एकाला हात लावला की दुसरं बिघडतं. वेगळे ठेवले की सूत्रं आपल्या हातात राहतात.

'रंग' थरावर 'इफेक्ट' मेन्यूत 'स्टायलाइझ'मधला 'कार्टून' टाका. 'रेंडर'मध्ये 'फिल' निवडा. आता चार आकडे बघायचे.

'डिटेल रेडियस' म्हणजे किती पसरट भागात तपशील पुसायचा. १०८० पिक्सेल उंचीच्या व्हिडिओला मी ६ ते १० च्या दरम्यान राहतो. जास्त वाढवलं की रेंडर मंदावतो.

'डिटेल थ्रेशोल्ड' म्हणजे कुठला तपशील महत्त्वाचा समजून राखून ठेवायचा. आकडा कमी केला की बारीक गोष्टी राहतात, वाढवला की चित्र सोपं होत जातं. माझ्या पहिल्या प्रयत्नात कळ्या गेल्या त्या याच आकड्याने.

'शेडिंग स्टेप्स' म्हणजे उजेडाचे टप्पे. आठ-दहा ठेवले तर फोटोच वाटतो. तीन ठेवले तर भित्तिपत्रक. घरगुती प्रसंगाला मला पाच-सहा आवडतात.

'शेडिंग स्मूदनेस' शून्यावर नेलं तर टप्प्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होतात आणि लुकलुकाट वाढतो. तीस-चाळीसच्या आसपास कडा मऊ राहतात तरी टप्पे दिसतात.

हे आकडे म्हणजे सुरुवात करायची जागा. ४के व्हिडिओ असेल तर त्रिज्या आणि पुढे येणारी रेघेची जाडी साधारण दुप्पट धरा. आणि प्रीव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर ठेवून आकडे पक्के करू नका. ही मापं पिक्सेलमधली आहेत, पूर्ण रिझोल्यूशनवर चित्र वेगळं दिसतं.

रेघेचा थर

'रेघ' थरावरही 'कार्टून'च, पण 'रेंडर'मध्ये 'एजेस'. थराचा ब्लेंडिंग मोड 'मल्टिप्लाय', म्हणजे पांढरं जाऊन फक्त रेघा खालच्या रंगावर बसतात.

इथला 'थ्रेशोल्ड' नवख्याला उलटा वाटतो. वाढवला की जास्त जागा कडा म्हणून धरल्या जातात, रेघा वाढतात. आधी तो इतका खाली आणा की फक्त बाहेरच्या आकृत्या उरतील: डोकं, खांदा, ताटली. मग जेवढ्या रेघा खरोखर हव्यात तेवढ्यापुरता वर न्या. 'विड्थ' दीडच्या आसपास. 'सॉफ्टनेस' थोडा ठेवला की रेघ ब्रशची वाटते, अगदी कमी केला की टोकदार पेनाची.

'ॲडव्हान्स्ड'मधले 'एज ब्लॅक लेव्हल' आणि 'एज कॉन्ट्रास्ट' यांनी गडद भाग सलग काळे भरता येतात. केसांना, दाराच्या फटीला हे छान दिसतं. मर्यादेत ठेवा, पूर्ण चेहऱ्याची सावली काळी झाली तर भाव जातात.

आता एक छोटी गोष्ट, जिने चित्र एकदम बदललं. रेघा कोळशासारख्या काळ्या ठेवू नका. 'रेघ' थरावर 'टिंट' टाकून काळ्याच्या जागी गडद तपकिरी घ्या. आपल्याकडचं खिडकीतलं ऊन उबदार असतं, आणि त्या उन्हात बसलेल्या माणसाभोवती निळसर काळी रेघ परकी दिसते. तपकिरी रेघ रंगात बसते.

मागची जागा एकच चित्र

हाताने काढलेल्या चित्रपटांत मागचं दृश्य एकदाच रंगवायचे आणि पारदर्शक शीटवरची माणसं त्यावर हलवायचे. आपणही तेच करायचं. रिकाम्या जागेच्या त्या पाच सेकंदांतली एक फ्रेम घ्या, तिच्यावर तेच रंग-रेघेचे थर लावा आणि 'सेव्ह फ्रेम ॲज'ने बाहेर काढा. क्रिता या मोफत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून साफ करा. मी गॅसची नळी आणि भिंतीवरचा स्विचबोर्ड पुसला, फळीवरच्या डब्यांना तीनच रंग ठेवले, खिडकीच्या गजांच्या रेघा हाताने परत ओढल्या. तासाभराचं काम, पण मागची संपूर्ण भिंत आता एकदाही लुकलुकत नाही.

हे चित्र सगळ्यांत खाली ठेवा. वरचे 'रंग' आणि 'रेघ' थर एकत्र निवडून 'प्रीकंपोझ' करा, म्हणजे दोन्हींची मिळून एक वेगळी कॉम्पोझिशन होते. तिचं नाव 'माणूस'. आता 'माणूस'वर मास्क काढा, म्हणजे जेवढा भाग दिसू द्यायचा त्याभोवतीचा आकार.

इथे एक खड्डा आहे. आफ्टर इफेक्ट्स थरावरचा मास्क आधी धरतो आणि इफेक्ट नंतर लावतो. मास्क थेट 'रेघ' थरावर काढला तर कार्टून इफेक्टला मास्कची कड हीच वस्तूची कड वाटते आणि आईभोवती एक काळं रिंगण तयार होतं. प्रीकंपोझ केल्यावर इफेक्ट आत राहतात, मास्क बाहेर लागतो, रिंगण येत नाही.

मास्क अगदी अंगालगत कापायची गरज नाही. खाली त्याच जागेचं, त्याच उजेडातलं चित्र आहे. हात जिथवर जातात तिथवर सैलसर आकार काढा, कड तीस-चाळीस पिक्सेल मऊ करा, जोड कळत नाही. मास्कच्या आतल्या जागेतली एखादी वस्तू मागच्या चित्रातून पुसलेली असेल तर मात्र ती परत दिसू लागेल, तेवढं बघून घ्या. कॅमेरा हलता असेल तर हा मार्ग बंद. मग 'रोटो ब्रश'ने माणूस फ्रेमागणिक कापावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

चेहरा आणि कळ्या

एकाच आकड्यांनी पूर्ण चौकट सांभाळता येत नाही. चेहऱ्याला कमी रेघा हव्या असतात, हातातल्या कामाला जास्त.

चेहऱ्यासाठी 'माणूस' कॉम्पोझिशनच्या आत 'रेघ' थराची प्रत काढा. प्रतीचा 'थ्रेशोल्ड' खाली आणा आणि 'डिटेल रेडियस' वाढवा, म्हणजे सुरकुत्या विरतात, चष्मा, भुवया आणि ओठांची रेघ राहते. ती प्रतही प्रीकंपोझ करून चेहऱ्याएवढ्या मास्कमध्ये ठेवा, ब्लेंडिंग मोड 'मल्टिप्लाय'च आहे ना ते तपासा. मूळ 'रेघ' थरही असाच प्रीकंपोझ करून त्यातून तोच आकार वजा करा. मास्कवर उजवं क्लिक करून 'ट्रॅक मास्क' घेतलं की तिथे चेहऱ्याचा माग काढायची सोयही आहे. आई बसल्या जागीच होती, त्यामुळे मला मास्कच्या जागेच्या चार खुणा, म्हणजे कीफ्रेम, पुरल्या.

आईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या दोन सुरकुत्या मात्र मी ठेवल्या. मोदकाचं टोक नीट निघालं की ती हसते आणि त्या तिथे पडतात. त्या पुसल्या असत्या तर बाई तरुण दिसली असती, पण ती माझी आई राहिली नसती.

कळ्यांसाठी उलट करायचं. त्याच पद्धतीने थरांच्या प्रती प्रीकंपोझ करून हातांभोवती मास्क घ्या, आतल्या प्रतींवर 'कार्टून'च्या आधी आणखी एक 'लेव्हल्स' टाका आणि मधला त्रिकोण, म्हणजे गॅमा, उजवीकडे न्या, चित्र गडद होईल. पांढऱ्या पिठात उजेडाचा फरक इतका थोडा असतो की सहाही टप्प्यांतला एकच टप्पा सगळा मोदक व्यापतो. गॅमा खाली आणला की तोच मोदक दोन-तीन टप्प्यांत विभागला जातो. मग 'डिटेल थ्रेशोल्ड' कमी, रेघेचा 'थ्रेशोल्ड' जास्त. दुसऱ्या शूटमधल्या मोदकावर मी मोजल्या तेव्हा अकरा कळ्यांपैकी नऊ स्वच्छ दिसत होत्या. उरलेल्या दोन खिडकीच्या विरुद्ध बाजूला होत्या, त्या क्रितात हाताने ओढल्या.

मोदकपात्रातली वाफ इफेक्टच्या हवाली करू नका. वाफेला कड नसते, तिचे राखाडी डाग होतात. वाफेची तीन चित्रं हाताने काढा आणि आळीपाळीने दाखवत राहा. तीनच पुरतात. लागोपाठ फिरली की डोळ्यांना वर चढणारी वाफ दिसते.

ठेका

रंग-रेघ कितीही जमली तरी हालचाल व्हिडिओसारखी सुळसुळीत राहिली तर मन फसत नाही. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण चित्रं बऱ्याचदा १२ च काढतात. एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं. तोच ठेका आपल्याला हवा.

सगळ्यांत वर 'ॲडजस्टमेंट लेयर' (खालच्या सगळ्या थरांना लागू होणारा थर) घ्या आणि त्यावर 'टाइम'मधला 'पोस्टराइझ टाइम' टाका. २४ चा व्हिडिओ असेल तर १२, २५ चा असेल तर १२.५. ३० चा असेल तर १५ किंवा १० घ्या. ३० ला १२ दिलं तर भाग पूर्ण जात नाही, काही चित्रं दोन फ्रेम टिकतात, काही तीन, आणि हालचाल लंगडते. फ्रेम रेट आधीच ठरवायला सांगितलं ते यासाठी. आवाजाला याने धक्का लागत नाही. तो मूळचाच ठेवा. पिठाचा हात ताटलीवर आपटल्याचा आवाज चित्राला जिवंत करतो.

आणखी एक पाऊल पुढे जायचं असेल तर रेघा किंचित थरथरू द्या. हाताने गिरवलेली दोन चित्रं कधीच तंतोतंत सारखी नसतात. 'रेघ' थरावर 'टर्ब्युलंट डिस्प्लेस' टाका, 'अमाउंट' दोन-तीन, 'साइझ' आठ-दहा. 'इव्होल्यूशन'ला सुरुवातीला एक आणि शेवटी एक कीफ्रेम द्या, मध्ये भरपूर फेरे. वरचा 'पोस्टराइझ टाइम' ही थरथरही बाराच्या ठेक्यात आणतो. 'अमाउंट' पाचच्या वर गेलं की चित्र तापात असल्यासारखं दिसतं.

पैसे न भरता: रिझॉल्व्ह

दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन पान आहे आणि रंग-रेघेची विभागणी तिथे नोड, म्हणजे एकेक काम करणारे ठोकळे, जोडून करता येते. टाइमलाइनवरची क्लिप निवडून फ्यूजन उघडा. 'मीडिया इन'नंतर 'रँक फिल्टर' जोडा, 'रँक' ०.५ आणि 'साइझ' तीन-चार. हा मीडियन झाला, कडा राखून दाणे काढतो. इथून दोन फांद्या काढा.

रंगाच्या फांदीवर 'कलर कर्व्हज' घ्या आणि सरळ रेषेची जिन्यासारखी पाच-सहा पायऱ्यांची रेषा करा. ही पायरी लाल, हिरवा, निळा तिन्हींवर वेगवेगळी पडते, म्हणून त्वचेत कधी हिरवट झाक येते. आली तर पायऱ्यांच्या कडा थोड्या गोल करा.

रेघेच्या फांदीवर 'ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट'ने सॅच्युरेशन शून्य करा, मग 'फिल्टर' नोड, प्रकार 'सोबेल'. या नोडवर अल्फाची खूण काढून टाका, नाहीतर पारदर्शकतेचा गोंधळ होतो. सोबेल काळ्यावर पांढऱ्या रेघा देतो. आणखी एका 'ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट'मध्ये 'लो' वर सरकवून फिकट कचरा घालवा, मग 'कलर कर्व्हज'मध्ये डावं टोक वर आणि उजवं टोक खाली ओढून चित्र उलटं करा. आता पांढऱ्यावर काळ्या रेघा मिळाल्या. शेवटी 'मर्ज': मागे रंग, पुढे रेघ, 'ॲप्लाय मोड' 'मल्टिप्लाय'. मास्क आणि मागचं चित्र वर सांगितलं तसंच.

याहून झटपट हवं असेल तर केडेनलाइव्ह या मोफत एडिटरमध्ये 'कार्टून' नावाचा तयार इफेक्ट आहे. त्यात फारसं नियंत्रण नाही, पण वाढदिवसाच्या क्लिपला पुरतो.

बाहेर काढताना

कार्टूनचे सपाट रंग फाइलमध्ये सहज मावतात, त्रास होतो तो रेघांना. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला फाइलमध्ये जाणारी माहिती, कमी पडला की प्रत्येक रेघेभोवती घाण जमते. १०८० च्या फाइलला अडोबीच्याच मीडिया एन्कोडरमध्ये एच.२६४ निवडून १२ ते १६ एमबीपीएस द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते पुन्हा दाबून लहान करतं आणि रेघा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवलात तर फाइल आहे तशी पोचते.

पाठवण्याआधी फोनच्या स्क्रीनवर एकदा पूर्ण बघा. मॉनिटरवर नाजूक वाटलेली दीड पिक्सेलची रेघ फोनवर नाहीशी होऊ शकते. माझी झाली होती. जाडी दोनवर नेऊन पुन्हा रेंडर केलं, मग भाचीला पाठवला. तिने व्हिडिओ थांबवून स्क्रीनवर बोट ठेवत कळ्या मोजल्या आणि आजीला फोन करून विचारलं, अकराच का?